हवेतला गंधक जातो कुठे?

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंनी मला विचारलं आहे : "थंडीच्या दिवसांत शाळेच्या गच्चीवरून सकाळी लांबचं काही दिसत नाही, सगळं दुधाळ होतं. मुलं म्हणतात धुकं आहे. पण ऊन चढलं तरी ते पुरतं विरत नाही. मोबाइलवर सल्फर डायऑक्साइडचा आकडा बघावा तर तो मर्यादेच्या कितीतरी खाली. मग कोळशाच्या धुरातल्या गंधकाचा या पांढुरकेपणाशी काही संबंध आहे का? आणि असला तर वायूचा कण होतो तरी कसा?"

ताई, संबंध आहे. आकडाही बहुधा खराच असणार. तो फक्त वायूचा आकडा आहे. गंधकाचा बराचसा भाग तुमच्या गच्चीपर्यंत पोचतो तेव्हा तो वायू राहिलेलाच नसतो, त्याचे सल्फेटचे, म्हणजे गंधकयुक्त क्षाराचे, कण झालेले असतात. वायू मोजणारं यंत्र ते कण मोजत नाही. अठ्ठावीस वर्षं हवेचे नमुने गोळा करतोय, आणि या एका गोष्टीवरून जेवढा गैरसमज पाहिला तेवढा दुसऱ्या कशावरून पाहिला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा वायू मुलांना ओळखीचा आहे. पंढरपूरकडे कुणाचे नातेवाईक द्राक्षबागायतदार असतील तर बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात ते त्यांनी पाहिलं असेल. नाकात झिणझिण्या आणणारा, घशात टोचणारा तो वास म्हणजेच सल्फर डायऑक्साइड. साखर कारखान्यातही गंधक जाळून तो वायू उसाच्या रसात सोडतात, त्यानं साखर पांढरी होते. या दोन्ही ठिकाणी गंधक मुद्दाम जाळलेला असतो. कोळशात तो आपसूक येतो. आपल्या देशी कोळशात राख भरपूर, तीस ते पंचेचाळीस टक्के, पण गंधक कमी, साधारण अर्धा टक्का. "आपल्या कोळशात गंधक कमीच आहे" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते बरोबर आहे, पण हिशेब करून बघा.

एक टन कोळशात अर्धा टक्का म्हणजे पाच किलो गंधक. जळताना त्याला तेवढ्याच वजनाचा ऑक्सिजन चिकटतो, म्हणजे झाला दहा किलो सल्फर डायऑक्साइड. थोडा गंधक राखेत अडकतो, तो सोडून देऊ. हाच वायू पुढे हवेत अमोनियम सल्फेट झाला तर त्याचं वजन भरतं वीस किलोच्या वर, कारण वाटेत तो आणखी ऑक्सिजन, पाणी आणि अमोनिया गोळा करतो. पाच किलोचे वीस किलो. आता औष्णिक वीज केंद्रातला ६६० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर दिवसाला आठ ते दहा हजार टन कोळसा खातो. तेव्हा "अर्धाच टक्का" याला कशानं गुणायचं, ते मुलांना फळ्यावर करायला लावा.

हा सगळा वायू गावात का उतरत नाही? चिमणी उंच असते म्हणून. पाचशे मेगावॅट आणि त्यावरच्या संचांना २७५ मीटरची चिमणी हा आपल्याकडचा जुना नियम. त्यामागचा विचार सरळ होता : धूर उंच सोडा, वाऱ्यात पातळ होऊ द्या, खाली श्वासात कमी येईल. वायूपुरता तो विचार खरा ठरला. पण उंच सोडलेल्या वायूला जमिनीवर यायला वेळ लागतो, आणि नेमका तेवढाच वेळ त्याला कण व्हायला हवा असतो.

आता वायूचा कण कसा होतो ते. वाटा एकाहून जास्त आहेत, आणि ऋतूप्रमाणे त्यांचं महत्त्व बदलतं.

उन्हातली वाट आधी. दिवसा सूर्यप्रकाशानं ओझोन फुटतो, बाष्पाशी त्याची गाठ पडते आणि हायड्रॉक्सिल नावाचा एक अतिशय उतावळा तुकडा तयार होतो. तो सेकंदभरही टिकत नाही, समोर येईल त्याला धरतो. सल्फर डायऑक्साइडला त्यानं धरलं की पुढच्या दोन पायऱ्या भराभर होतात. ऑक्सिजनशी क्रिया होऊन सल्फर ट्रायऑक्साइड, आणि त्याला पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्लाची वाफ. ही वाफ हवेत वाफ म्हणून राहूच शकत नाही. तिचे रेणू पाण्याच्या आणि अमोनियाच्या रेणूंना धरून एखाद-दुसऱ्या नॅनोमीटरचे झुबके करतात किंवा आधीच तरंगत असलेल्या धुळीवर, काजळीवर जाऊन बसतात. आपल्या हवेत बसायला जागा भरपूर असते, म्हणून बहुतेक वेळा दुसरं घडतं. या वाटेचा वेग मात्र मंद आहे. कडक उन्हातही ताशी साधारण एक-दोन टक्के वायू बदलतो. म्हणजे सकाळी चिमणीतून निघालेला वायू संध्याकाळपर्यंत पाव भागही बदललेला नसतो, आणि तोवर वाऱ्यानं शंभरेक किलोमीटर गेलेला असतो.

ढगातली वाट याच्या कितीतरी पट वेगवान आहे, आणि सोलापूरकरांनी ती नीट समजून घ्यावी असं मला फार वाटतं. वायू ढगाच्या थेंबात विरघळतो. थेंबात हायड्रोजन पेरॉक्साइडही विरघळलेलं असतं, तेच, जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं ते, फक्त अगदी अल्प प्रमाणात. थेंबात या दोघांची भेट झाली की काही मिनिटांत सल्फेट तयार. पेरॉक्साइड संपेपर्यंत ही क्रिया धावत राहते, आणि थेंब आम्लधर्मी झाला म्हणून तिचा वेग पडत नाही. थेंबात विरघळलेला ओझोनही हेच काम करतो, पण त्याचं तसं नाही. थेंब आम्लधर्मी होऊ लागला की ओझोनची क्रिया मंदावते.

आता आपला जून-जुलै आठवा. पश्चिमेकडून ढग येतात, आभाळ भरतं, लोक वर बघत राहतात, आणि ढग न पडता पुढे जातात. पर्जन्यछायेतला हा आपला जुना सल. या न पडलेल्या ढगाचं पुढे होतं काय? तो विरतो. पाणी पुन्हा वाफ होतं, पण थेंबात तयार झालेलं सल्फेट वाफ होत नाही. ते कण बनून मागे राहतं, आधीपेक्षा जाड होऊन. मग दुसरा ढग त्याच कणाभोवती जमतो, आणखी वायू ओढून घेतो, पुन्हा विरतो. पाऊस पडला असता तर सगळं धुऊन जमिनीत गेलं असतं. जगभरात कुठेही बहुतेक ढगथेंब पाऊस न होता विरतात, पण कोरड्या मुलखात धुऊन काढणारा पाऊस आणखी कमी. इथं आम्लवर्षा का दिसत नाही, असं एका विद्यार्थ्यानं मला विचारलं होतं. त्याचं अर्धं उत्तर हे आहे.

उरलेलं अर्धं उत्तर पायाखाली आहे. आपल्या काळ्या रानात कुठेही हातभर खणा, चुनखडीचे पांढरे खडे निघतात. त्या मातीची धूळ हवेत असते आणि ती आम्ल मारते. आम्ल आणि चुनखडी मिळून जिप्सम होतं. धुळीचे कण मोठे असल्यामुळे हे जिप्सम लवकर खाली बसतं आणि नाकातच अडकतं. तेवढ्यापुरती आपली धूळ आपल्यावर उपकार करते म्हणा. पण सगळं आम्ल धुळीच्या वाट्याला येत नाही. बारीक कणांतल्या आम्लाला भेटतो अमोनिया. तो येतो गोठ्यातून, उकिरड्यातून, आणि उसाला टाकलेल्या युरियातून. युरिया फेकून पाणी द्यायला उशीर झाला की शेतात डोळे चुरचुरतात, तो हाच. आम्ल आणि अमोनिया एकत्र आले की अमोनियम सल्फेट. खताच्या दुकानात पोत्यात मिळतं तेच रसायन, पण इथं कणाचा आकार अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. माणसाच्या केसाची जाडी साठेक मायक्रॉन धरली तर त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढा. हा कण खाली बसत नाही, नाकात अडकत नाही, फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातो. आणि आठवडाभर हवेत राहू शकतो.

थंडीतली वाट तिसरी, आणि तुमचा प्रश्न तिच्याशीच जास्त जोडलेला आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमीन झपाट्यानं निवते, खालची हवा गार आणि वरची उबदार होते, आणि शहरावर जणू झाकण बसतं. वारा पडलेला, ऊन कमी, ढग नाहीत. म्हणजे पहिल्या दोन्ही वाटा मंदावलेल्या. तरीही सल्फेट वाढतं. कारण ओलसर कणांच्या पृष्ठभागावरच्या पाण्याच्या पातळ थरातही हे काम चालतं. राखेतून आणि धुळीतून आलेलं लोह आणि मँगनीज तिथं विरघळतं आणि साध्या ऑक्सिजनकडून ते काम करून घेतं. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइडही हातभार लावतो.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचं दाट धुकं बसलं. सुरुवातीला चार हजार मृत्यू धरले गेले, पुढच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्या धुक्यात एवढं सल्फ्युरिक आम्ल आलं कुठून, यावर कित्येक दशकं खल चालला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं नायट्रोजन डायऑक्साइडकडे बोट दाखवलं. चीनमधल्या दाट धुरक्यालाही तेच लावावं का, यावर अजून वाद आहे, कारण कण किती आम्लधर्मी आहेत यावर सगळं अवलंबून असतं आणि ते मोजणं महाकठीण. माझं मत विचाराल तर आपल्या धुळीच्या प्रदेशात धातूंची वाट जास्त वजनाची असावी. पण हे मत आहे, मोजमाप नाही.

आता ऊन चढल्यावरही ते दुधाळपण का विरत नाही ते बघू. अमोनियम सल्फेटचा कोरडा कण हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेली की एकदम पाणी ओढून थेंब होतो, पावसाळ्यात मिठाच्या बरणीत होतं तसं. नव्वद टक्क्यांना त्याचा व्यास दीडपटीहून जास्त फुगतो आणि तो प्रकाश जवळजवळ तिप्पट विखुरतो. कण तेवढेच, पण हिप्परग्याच्या तळ्याकडचं दृश्य गायब. पुढे ऊन येतं, आर्द्रता सत्तर-साठ टक्क्यांवर उतरते. खरं धुकं असतं तर एव्हाना नाहीसं झालं असतं. पण हा कण पाणी घेतो ऐंशीला आणि सोडतो मात्र चाळीसच्याही खाली. मधला सगळा वेळ तो फुगलेलाच. म्हणून दुपारपर्यंत पांढुरकेपणा रेंगाळतो. सगळं दुधाळपण सल्फेटचंच असतं असं नाही. जाळलेला कचरा, चुलींचा धूर, रस्त्याची धूळ, नायट्रेट, सगळ्यांचा वाटा असतो. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर दारूकाम झालं की दुसऱ्या दिवशीच्या, हवा ओढून कण पकडणाऱ्या फिल्टरवर सल्फेट चढलेलं मिळतं, पण ते दारूतल्या गंधकाचं, तिथल्या तिथं तयार झालेलं, आणि एक-दोन दिवसांत उतरणारं.

हे मोजतात कसं ते मुलांना दाखवण्यासारखं आहे. वायूसाठी आम्ही वर्षानुवर्षं काचेच्या नळीतल्या द्रावणातून हवा बुडबुड्यांनी ओढत आलो. त्या द्रावणात रंगद्रव्य घातलं की वायूच्या प्रमाणात जांभळट रंग चढतो. सोलापूरच्या बऱ्याच नमुन्यांत तो रंग इतका फिका असतो की पांढरा कागद मागे धरून बघावं लागतं. आणि त्याच दिवशीच्या, त्याच जागेच्या फिल्टरचा तुकडा कापून पाण्यात हलवावा, गाळून घ्यावा, त्यात थोडं आम्ल आणि बेरियम क्लोराइडचे थेंब सोडावेत. पाणी काचेसारखं स्वच्छ असतं. पहिला थेंब पडतो तिथं एक पांढरी तार उतरते, परीक्षानळी हलवली की सगळं ताकासारखं होतं. ते बेरियम सल्फेट. एका हातात जवळजवळ बिनरंगी नळी, दुसऱ्या हातात ताक. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यांदा मिळालं ते असं, दोन्ही हातांत धरून.

इथं एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका ठिकाणचं सल्फेट बरंच जास्त दाखवलं होतं. आकडे दोनदा तपासले, रसायनं बदलली, तरी तेच. दोष काचतंतूच्या फिल्टरचा होता. तो किंचित अल्कधर्मी असतो, हवेतला वायू स्वतःवर पकडतो आणि फिल्टरवरच त्याचं सल्फेट होतं. म्हणजे हवेत नसलेलं सल्फेट मी मोजत होतो. तो अहवाल मी दुरुस्त करून दिला, आणि तेव्हापासून सल्फेट मोजायचं असलं की टेफ्लॉनचाच फिल्टर घेतो. कुणी तुम्हाला सल्फेटचा आकडा दाखवला तर फिल्टर कशाचा होता ते आधी विचारा.

आता आकड्यांच्या अर्थाकडे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, चोवीस तासांची ८०. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची वार्षिक मर्यादा ४०. सल्फेटला वेगळी मर्यादाच नाही. ते बारीक कणांच्या एकूण वजनात मिसळून जातं, आणि त्या वजनात किती सल्फेट, किती काजळी, किती माती हे हवेच्या गुणवत्तेच्या रोजच्या फलकावर कुठेच दिसत नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मानकं न पाळणाऱ्या शहरांत सोलापूरचं नाव आलं ते धुळीच्या आणि कणांच्या आकड्यांवरून. त्यावर उपाय झाले तेही मुख्यतः धुळीचे : रस्ते झाडणं, पाणी मारणं. ते करायलाच हवं. पण पाण्याच्या टँकरनं अर्ध्या मायक्रॉनचा सल्फेट कण खाली बसत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादा पहिल्यांदा आल्या. नव्या संचांना घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम. त्यासाठी धूर चुनखडीच्या पाण्यातून धुवायचा, आणि निघतं काय, तर जिप्सम. आपली काळी माती हवेत जे काम थोडंफार करते तेच चिमणीच्या आधी नीट करायचं. मुदती पुन्हा पुन्हा पुढे गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य संचांना या धुलाई-यंत्रणेतून सूट मिळाली. सूट देण्यामागच्या युक्तिवादांत एक हाच होता, की शहरांतला सल्फर डायऑक्साइड मर्यादेत आहे. ताई, तुमचा प्रश्न आणि तो युक्तिवाद एकच आहे. तुम्ही तो शंका म्हणून विचारलात, तिथं तो निष्कर्ष म्हणून आला. मला तो निष्कर्ष मान्य नाही. गच्चीवरच्या वायूचा आकडा सांगून चिमणीतून गंधक किती निघाला हे कळत नाही, आणि वाटेत त्याचे कण किती झाले हे तर मुळीच कळत नाही. धुलाईला पाणी लागतं, वीजही थोडी खर्च होते, या अडचणी खऱ्या आहेत. उजनीच्या पाण्यावर जगणाऱ्या जिल्ह्यात तर पाण्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यावर बोलावं, वाद घालावा. पण तो वाद पाण्याचा आणि पैशाचा म्हणून व्हावा, "हवेत गंधकच नाही" असं म्हणून मिटवू नये.

शिवाय सोलापूरच्या हवेतलं सल्फेट फक्त सोलापूरचं नाही. थंडीत वारा पूर्वेचा, ईशान्येचा. त्या बाजूला परळीची केंद्रं, आग्नेयेला रायचूर, दक्षिणेला विजापूरजवळचं कुडगी. मंद गतीनं बदलणारा वायू एका दिवसात शंभर-दोनशे किलोमीटर येतो आणि तुमच्या गच्चीवर कण होऊन पोचतो. आपल्या चिमण्यांतला तसाच कुणाच्या तरी गावात पोचतो. म्हणून केवळ शहराचा आराखडा यावर पुरा पडत नाही.

चांगलं घडलंय तेही सांगतो. एप्रिल २०२० पासून डिझेलमधला गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आला. रस्त्यावरच्या ट्रकचा या बाबतीतला वाटा आता नगण्य झालाय. ठरवलं की होतं.

घरच्या काळजीचं एवढंच : एन-९५ मास्क सल्फेटचे कण अडवतो, वायू अडवत नाही. बेदाण्याच्या शेडवर किंवा गंधकाच्या भट्टीजवळ काम करणाऱ्यानं त्या मास्कवर भरवसा ठेवू नये, तिथं वायूसाठीचा वेगळा मास्क लागतो. दम्याची मुलं असतील तर दुधाळ सकाळी मैदानावरची धावाधाव दहानंतर घ्या.

आणि मुलांकडून एक वही करून घ्या. गच्चीवरून दिसणाऱ्या चार-पाच खुणा ठरवा : जवळची पाण्याची टाकी, मग एखादं मंदिराचं शिखर, मग लांबची चिमणी. प्रत्येकीचं अंतर नकाशावर मोजा. रोज सकाळी आठला आणि दुपारी बाराला कुठली खूण दिसली ते लिहा. शेजारी ओल्या आणि सुक्या थर्मामीटरची नोंद, म्हणजे आर्द्रता कळेल. तिसऱ्या रकान्यात वाऱ्याची दिशा, काठीला बांधलेल्या सुती धाग्यावरून. चौथ्यात त्या दिवशीचा फलकावरचा वायूचा आणि बारीक कणांचा, दोन्ही आकडे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत खंड पडू देऊ नका, सुट्टीच्या दिवशी जवळ राहणारी दोन मुलं नेमा. आर्द्रता साठ टक्क्यांवर आलेली असूनही लांबची चिमणी दिसली नाही, असे दिवस लाल शाईनं लिहा, आणि त्यांच्यासमोर वारा कुठून होता ते बघा. वही भरली की मला कळवा, तशाच चार लाल दिवसांचे नमुने पुढच्या थंडीत आपण टेफ्लॉनच्या फिल्टरवर घेऊ, आणि बेरियम क्लोराइडचा थेंब मुलांच्याच हातून सोडू.